गाणें आणि ऐकणाऱ्याचें वय

गवयाच्या शिक्षणाविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें आहे. कोण कोणत्या उस्तादाकडे किती वर्षें राहिला, पहांटे किती वेळ खर्ज लावीत बसला, या कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहेत. ऐकणाऱ्याच्या शिक्षणाविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. वस्तुतः त्याचेंहि शिक्षण चाललेलेंच असतें. फरक एवढाच कीं, त्याला गुरु नसतो, गंडा नसतो आणि आपण शिकत आहों हें बहुधा त्याचें त्यालाहि कळत नाहीं. वीस वर्षांनीं एखादी चीज पुन्हां कानीं पडते व ती निराळीच भासते. चीज तर तीच असते.

पुण्यांतील एका गृहस्थांची हकीकत या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. घरांत त्यांना सर्व दादा म्हणत. जन्म १९०५ चा, व्यवसाय कचेरींत कारकुनी, गाण्याचें शिक्षण शून्य. पंधराव्या वर्षीं मामांनीं त्यांना 'स्वयंवर' नाटकाला नेलें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें हें नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें आणि त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांनीं दिलेल्या होत्या. रुक्मिणीच्या भूमिकेंत बालगंधर्व. पिटांत बसलेल्या त्या मुलाला राग, ताल, घराणें यांचा गंधहि नव्हता. त्याला भूल पडली ती आवाजाच्या गोडव्याची, शब्दांची आणि शालू नेसून उभ्या राहिलेल्या त्या मूर्तीची. वन्समोर घेणाऱ्यांत त्याचा आवाज सर्वांच्या वर होता. महिनाभर आंघोळीच्या वेळीं तीं पदें त्याच्या तोंडीं होतीं आणि घरच्या मंडळींनीं तें सोसलें.

अभिरुचीची ही पहिली पायरी हलकी मानण्याची अनेकांना खोड असते. ती हलकी नव्हे. भास्करबुवांनीं 'स्वयंवरां'त भूप, यमन, बिहाग यांसारखे राग घराघरांत नेऊन सोडले. ज्यानें बैठकीचा उंबरठा कधीं ओलांडला नाहीं, त्याच्याहि गळ्यांत ते राग नकळत बसले. त्यापूर्वीं १९११ सालीं 'मानापमाना'च्या द्वारें गोविंदराव टेंब्यांनीं पूरबेकडील ठुमरीचा ढंग असाच मराठी कानांना परिचित करून दिला होता. ख्यालाचें बीं मराठी मध्यमवर्गांत पेरलें गेलें तें मुख्यतः नाटकगृहांतून. हें ऋण पुढें पुष्कळांनीं नाकारलें. आपले दादाहि त्यांतलेच.

पंचविशींत असतांना कचेरींतल्या एका वडीलधाऱ्या सोबत्यानें दादांना जयपूर घराण्याच्या एका गवयाच्या बैठकीला नेलें. अल्लादियाखांसाहेबांची ती गायकी तेव्हां कोल्हापूर, मुंबई, पुणें येथें मोठ्या आदराला पात्र झाली होती. दादांना ती मुळींच रुचली नाहीं. तास होत आला तरी दोनचार शब्दांपलीकडे गवई सरकेना, आणि ते शब्दहि ऐकूं येईनात. पान खाण्याच्या निमित्तानें ते उठण्याच्या बेतांत होते, इतक्यांत गवयानें द्रुत चीज सुरू केली व दादा जागचे हलले नाहींत. चाल ओळखीची होती! 'स्वयंवरां'तलें भूपांतलें पद जिच्यावरून बांधलें गेलें तीच ही मूळ चीज. दहा वर्षें जें आपण न्हाणीघरांत गुणगुणत होतों, त्याचें घर हें आहे, हें त्यांना त्या क्षणीं उमगलें. पुढच्या बैठकीला ते न बोलावतां गेले.

त्यानंतरचीं दहाबारा वर्षें हें खरें शिक्षण. प्रथम त्यांना सम कळूं लागली. गवई सोळा मात्रांचें आवर्तन कोठून कोठें नेतो आणि मुखडा घेऊन समेवर कसा येऊन बसतो, हें कळल्याबरोबर पूर्वीं कंटाळवाणा वाटलेला तो तास एकाएकीं उत्कंठेचा झाला. राग ओळखण्याची हांव त्यानंतरची. एकदां सकाळच्या बैठकींत शेजारच्या वृद्ध श्रोत्याला ते म्हणाले, "भूप सुरेख चालला आहे." वृद्धानें मान न वळवितां सांगितलें, "देसकार आहे. सकाळीं भूप कोण गाईल?" दादा ओशाळले, पण तो ओशाळेपणा त्यांना लाभला. दोन्ही रागांत स्वर पांचच आणि तेच पांच: सा, रे, ग, प, ध. परंतु भूप गांधाराशीं विसांवतो, देसकार वरच्या अंगानें चालून धैवताचा आश्रय घेतो. कोणते स्वर आहेत याहून कोणत्या स्वरावर किती वेळ थांबलें आहे यानें रागाचा स्वभाव ठरतो, ही गोष्ट पुस्तकांत एका ओळींत सांगतां येते. कानाला ती कळावयास दादांना दोन वर्षें लागलीं.

ग्रामोफोननें या कामीं मोठें साह्य केलें. अब्दुल करीमखांसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका त्यांनीं हप्त्यानें घेतल्या. एका बाजूला सुमारें तीन मिनिटें गाणें. तेवढ्यांत कसला राग उभा राहणार, असें म्हणणारे पुष्कळ होते. परंतु तींच तीन मिनिटें शेंकडों वेळां ऐकतां येत. तरुणपणीं दादांना त्या आवाजाच्या आर्ततेनें डोळ्यांत पाणी येई. चाळिशींत त्यांचें लक्ष स्वर लावण्यापूर्वींच्या किंचित् विलंबाकडे जाऊं लागलें. तबकडी तीच, खरखरहि तीच.

येथवरची हकीकत कोणालाहि आवडावी अशी आहे. परंतु अभिरुचि खोल होतांना ती अरुंदहि होऊं शकते, आणि दादांचें तसें झालें. नाटकाचीं पदें त्यांना पोरकट वाटूं लागलीं. बालगंधर्वांचें नांव निघालें कीं, ते किंचित् हंसत. भावगीत हा शब्द ते उच्चारीत तो नाक मुरडूनच. थोरली मुलगी सुशील व गोड गळ्याची होती. तिच्यासाठीं त्यांनीं तंबोरा आणला, मास्तर ठेवले आणि ज्योत्स्ना भोळे, गजानन वाटवे यांचीं गाणीं घरांत म्हणावयाचीं नाहींत असा दंडक घातला. सिनेमाच्या गाण्यांचा तर प्रश्नच नव्हता.

योगायोग असा कीं, १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. हेतु वाईट नव्हता. शास्त्रीय संगीताचें राष्ट्रीय संमेलन त्याच काळांत सुरू झालें आणि असंख्य गवयांना आधार मिळाला. पण श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ सालीं 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला तीं गाणीं परत आणावीं लागलीं. दादांच्या घरींहि याच नाटकाचा लहानसा प्रयोग झाला. मुलगी बुधवारीं रात्रीं शेजारीं विणकाम शिकावयास जाऊं लागली. शेजाऱ्यांच्या रेडिओवर त्या वेळीं सिलोनचें 'गीतमाला' लागत असे. एके दिवशीं हें उघड झालें. दादा रागावून ओरडले नाहींत, ते फक्त म्हणाले, "एवढीं वर्षें फुकट गेलीं." मास्तर आणखी सहा महिने येत राहिले. मुलगी शिकविलेलें अचूक म्हणे, आणि मास्तर गेल्यावर घरांत तिचा आवाज कधीं निघत नसे.

पुढें तिचें लग्न झालें. आणि मग, दादा साठीला आले असतां, कुमार गंधर्वांनीं 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. ज्या कुमारांनीं बालपणीं मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन लोकांस थक्क केलें, मुंबईस देवधर मास्तरांपाशीं विद्या घेतली, पुढें क्षयानें देवासला वर्षानुवर्षें गाण्यावांचून पडून राहून माळव्याच्या बायकांचीं गाणीं कान देऊन ऐकलीं, त्यांनीं एवढें सर्व करून अखेर बालगंधर्वांचीं पदें घेऊन बसावें, याचें दादांना प्रथम आश्चर्य वाटलें. नकलेचा तेथें लवलेश नव्हता. शब्द कोठें सोडला, लय कशी हातांत धरली, लहानशी हरकत किती नेमक्या जागीं घेतली, हें कुमारांनीं एकेक पद गाऊन दाखविलें. पंधराव्या वर्षीं ज्याला नुसता गोडवा म्हणून आपण टाळ्या वाजविल्या, आणि चाळिशींत नुसता गोडवा म्हणून ज्याला हंसलों, त्यांत एवढें होतें, हें पाहून दादा घरीं आले ते कोणाशीं फारसें बोलले नाहींत.

त्या दिवाळींत मुलगी माहेरीं आली. फराळ झाल्यावर दादांनीं तिला गाणें म्हणावयास सांगितलें. कोणतेंहि म्हण, भावगीत म्हण, असेंहि म्हणाले. ती हंसून म्हणाली, "दादा, गाणें सुटलें आतां. आवाज लागत नाहीं." तंबोरा तिनें केव्हांच नणंदेच्या मुलीला देऊन टाकला होता. दादांनीं आग्रह केला नाहीं. दुपारीं मुलाला निजवितांना ती आंतल्या खोलींत कांहींतरी गुणगुणूं लागली, तेव्हां त्यांनीं उठून बाहेरचा रेडिओ बंद केला.