पानिपत केलंस!

(उत्सवातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)

इथल्या मराठी घरांत एक वाक्य जरा जपून वापरावं, असं मला वाटतं. दुधाचं पातेलं लवंडलं, गणितं चुकली, की आपण सहज म्हणून जातो, "पानिपत केलंस!" मीही म्हणालो होतो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. रडला नाही. रात्री अंथरुणात हळूच विचारलं, "बाबा, आपलं गाव वाईट आहे का?"

त्याचा जन्म इथलाच. १४ जानेवारी १७६१ त्याला कुठून ठाऊक! जखम आपली, म्हणही आपली. त्याचं पानिपत म्हणजे शाळा, पतंग आणि शेजारचा मित्र.

लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. "सांडलं ना? चल, पुसू या" म्हटलं तर फडकं आणतं. "धांदरटच आहेस" म्हटलं तर धांदरट होऊन बसतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. त्यांच्या बालशिक्षणात भय आणि शिक्षेला जागाच नव्हती. नुसती स्तुतीही नको हं. "किती हुशार!" ऐकून ऐकून मूल अवघड गणिताला हात लावेनासं होतं. "खोडून पुन्हा केलंस, ते आवडलं," हे त्याला पुरतं.

त्या रात्री मी म्हटलं, "गाव छान आहे. बाबा चुकला." रविवारी त्याला काला आंब दाखवायला नेलं.

"इथे कोण हरलं?"

"आपण."

थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पण मी तर इथलाच आहे."