चिठ्ठीवरचे गाव
(अभनपूर येथे निसर्गछायाचित्रण व क्षेत्रकार्य या विषयावर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



अभनपूरचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती छोटी लाइन. रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंद रुळांची ती गाडी अभनपूरला विसावत असे आणि येथूनच तिची एक शाखा राजिमकडे, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमाच्या दिशेने वळत असे. ती गाडी आता इतिहासजमा झाली. रुंद रुळ आले, आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली. परंतु छोट्या लाइनीची छायाचित्रे अनेक घरांतील अल्बमांत आजही सापडतात. माघी पौर्णिमेच्या मेळ्याला निघालेली माणसे, दारात लोंबकळणारी मुले, टोपीवाले गार्डसाहेब असे त्यांत बरेच काही असते. छायाचित्र काढणाऱ्याने काढली ती माणसे आणि गाडी. गाडीमागे असलेला तलाव, तलावाच्या पाळीवरचा वड, बांधावरची मोहाची रांग ही सारी त्याच्या नकळत चित्रात आली. आज पर्यावरणाचा अभ्यासक त्या चित्राकडे पाहतो तेव्हा माणसांवरून त्याची दृष्टी घसरून त्या पाळीवर स्थिरावते. मग तो चित्र उलटून मागची बाजू पाहतो, आणि ती बहुधा कोरी असते. ना तारीख, ना गाव.

या कोऱ्या पाठीचे मोल किती, हे समजून घेण्यासाठी याच परिसरातील एका पक्ष्याची कथा पुरेशी आहे.

रायपूरहून संबळपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर महासमुंद जिल्ह्यात बसना नावाचे गाव आहे. फुलझर ही तेथील जुनी जमीनदारी. १८७२ साली या बसना-फुलझरच्या रानात एफ. आर. ब्ल्यूइट या इंग्रज गृहस्थाने एक लहानसे घुबड मारले. त्या काळी पक्षी ओळखण्याचा मार्ग बंदुकीतून जात असे, आणि त्याबद्दल आज त्या माणसांना दूषणे देण्यात अर्थ नाही. ब्ल्यूइटने ते कातडे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठविले. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, तेच हे ह्यूम. शालेय इतिहासाच्या पुस्तकात ते एका वाक्यात येतात आणि जातात. हिंदुस्थानातील पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह तेव्हा कोणाजवळ नव्हता, ही गोष्ट मात्र त्या वाक्यात येत नाही. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि संग्राहकाच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. मराठीत तो रानपिंगळा म्हणून ओळखला जातो. म्हणजे आज ज्याला महाराष्ट्राचे भूषण मानले जाते, त्या पक्ष्याचे शास्त्रातील जन्मगाव छत्तीसगडात आहे. रायपूर आणि नागपूर हे १९५६ पर्यंत एकाच प्रांताचे भाग होते हे लक्षात घेतले, तर यात विशेष नवल वाटू नये.

१८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना खरियारच्या बाजूस दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, काही नमुने गोळा केले. शेवटचा नमुना १८८४ सालचा. जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे अवघे सात अस्सल नमुने, आणि प्रत्येकाच्या पायाला बांधलेली एक चिठ्ठी: तारीख, ठिकाण, संग्राहकाचे नाव. एवढ्या सात चिठ्ठ्यांवर पुढील शंभराहून अधिक वर्षे रानपिंगळ्याचे अस्तित्व टांगलेले राहिले.

मध्यंतरी ह्यूम यांच्यावर एक आघात झाला. शिमल्याच्या त्यांच्या घरात पक्ष्यांविषयीच्या टिपणांची प्रचंड हस्तलिखिते होती. त्यांच्या गैरहजेरीत नोकराने ती रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. वर्षानुवर्षांचे क्षेत्रकार्य दुकानदारांच्या पुड्यांत गेले. ह्यूम यांचे मन या विषयावरून उडण्यास ही घटना मोठे कारण ठरली, आणि आपला संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी वाचली, टिपणे गेली. घरातील जुन्या वह्या दिवाळीच्या सफाईत काढून टाकणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही गोष्ट क्षणभर आठवावी. त्या नोकराला तरी कोणी सांगितले होते की, या कागदांत काय आहे?

आता कथेतील सर्वांत विलक्षण भाग येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश लष्करातील नामवंत गृहस्थ आणि त्याहून नामवंत पक्षितज्ज्ञ. आपण गुजरातेत मांडवी येथे १९१४ साली रानपिंगळा मिळविला, अशी त्यांची नोंद होती. चिठ्ठी होती, कातडे होते, आणि वर मोठ्या माणसाचा शब्द होता. त्यामुळे पक्षी शेवटचा दिसल्याचे वर्ष १९१४ आणि ठिकाण मांडवी असे ग्रंथांत रूढ झाले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याची सूक्ष्म तपासणी केली. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी निराळी असते, जशी प्रत्येक सुगरणीची करंजीला मुरड घालण्याची असते. मांडवीच्या म्हणून दाखविलेल्या कातड्यात डेव्हिडसन यांचीच हातोटी दिसून आली. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी बांधण्यात आली होती. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा माइनर्ट्झहागेन यांना जाऊन तीन दशके लोटली होती. ही त्यांची एकुलती एक लबाडीही नव्हती.

एका खोट्या चिठ्ठीने काय साधले? एक पक्षी तीस वर्षे अधिक जिवंत राहिल्याचा भास झाला आणि शोधकांचे लक्ष भलत्या दिशेला वळले. गुजरातेत रानपिंगळा अलीकडे डांगच्या जंगलात खरोखरच आढळला आहे. परंतु त्यामुळे १९१४ची चिठ्ठी खरी ठरत नाही. निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघाला तरी खोटी नोंद ती खोटीच.

रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला सारली आणि उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे नकाशावर शोधली. संग्रहालयांतील नमुने पाहून पक्ष्याच्या खुणा मनात पक्क्या केल्या आणि बेन किंग व डेव्हिड अॅबट या सहकाऱ्यांसह १९९७च्या नोव्हेंबरात त्या भारतात आल्या. प्रथम त्यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथे रानपिंगळा मिळाला नाही. मग मंडळी पश्चिमेकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आली. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी बेन किंग यांना उघड्या फांदीवर एक घुबड बसलेले दिसले. शेवटच्या अस्सल नोंदीला तेव्हा ११३ वर्षे झाली होती. पक्ष्याचे छायाचित्रण झाले, चलचित्रणही झाले. आणि येथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. १८७२ मध्ये पुरावा देण्यासाठी पक्ष्याला मरावे लागले होते. १९९७ मध्ये तो पुरावा देऊन आपल्या वाटेने उडून गेला.

त्यानंतरचा इतिहास बऱ्याच जणांना वृत्तपत्रांतून परिचित असेल. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे असद रहमानी आणि फराह इश्तियाक यांनी या पक्ष्याचा पद्धतशीर अभ्यास केला. मेळघाटात तो आढळला, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यातही दिसला. २०१८ मध्ये जागतिक सूचीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आले. शोधणारे डोळे वाढले, म्हणून ठिकाणे वाढली.

हे शोधणारे डोळे पुष्कळदा कॅमेऱ्यामागचे असतात. तथापि कॅमेरा हाती आला म्हणजे क्षेत्रकार्य घडले असे नाही. साधा पिंगळा गावोगावच्या चिंचेवर असतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, छातीवर गडद तपकिरी रंग दाट, पाय भक्कम, नखे मोठी. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो आणि शेपटी झटकतो. तेव्हा केवळ दोन टपोऱ्या डोळ्यांचे मोहक चित्र ओळखीच्या कामी येत नाही. डोके, पोट, शेपटी, पाय दिसतील अशी तीनचार साधी चित्रे त्याहून मोलाची ठरतात. ती स्पर्धेत पारितोषिक मिळविणार नाहीत, हे खरे. अभ्यासाचे छायाचित्र आणि भिंतीवरचे छायाचित्र यांचा धर्म वेगळा आहे. विद्यार्थ्याने चित्र काढण्यापूर्वी आपण कोणते काढीत आहोत हे ठरवावे. त्यासाठी महागडी भिंगे लागत नाहीत. तलावाच्या एकाच दगडावर उभे राहून दर महिन्याच्या एकाच तारखेला साध्या मोबाइलने काढलेली बारा चित्रे कमळ किती पसरले, पाणी किती उतरले, पाळीवरचे कोणते झाड गेले, हे सारे सांगतात. नवा रायपूर वसविताना या भागातील गावांचे रूप किती झपाट्याने पालटले हे येथील लोकांनी पाहिले आहे. अशी बारा चित्रे कोणी त्यापूर्वी काढून ठेवली असती तर!

या छंदाची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. छायाचित्रासाठी घरट्यासमोरच्या फांद्या छाटणे, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावणे, घुबडापुढे आमिष टाकणे हे प्रकार घडतात, आणि ते सुशिक्षितांकडून घडतात. विणीच्या काळात फांद्या छाटलेले घरटे उन्हाला आणि कावळ्यांना एकदमच उघडे पडते. दुर्मीळ पक्ष्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर टाकला की दुसऱ्या दिवशी तेथे गाड्यांची रांग लागते, आणि त्या गर्दीत अंधश्रद्धेपायी घुबडे पकडणाराही एखादा असू शकतो. तेव्हा एक विरोधाभास पत्करावा लागतो: वहीत ठिकाण अचूक असावे आणि लोकांपुढे ते झाकलेले असावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी वा छायाचित्रणासाठी परवाना लागतो. ही तरतूद अडवणूक वाटत असेल, तर ती कोणासाठी आहे याचा विचार रानपिंगळ्याच्या बाजूने करून पाहावा.

मराठी वाचकाला या वाटेवर चांगला सोबती मिळाला आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही जंगले पायी तुडविली आणि आदिवासी, ढीवर, गोवारी यांच्याकडून ऐकलेले शब्द टिपून ठेवले. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. ‘सारंगागार’सारखा शब्द मराठीत आला तो दालनात बसून नव्हे. अभनपूरच्या मुलांनाही हे भाग्य आहे, कारण घरात मराठी, शाळेबाहेर हिंदी आणि शेतावर छत्तीसगढी असे तीन भाषांचे धन त्यांच्याजवळ आहे. एखाद्या पक्ष्याच्या चित्राखाली शेतकऱ्याने सांगितलेले छत्तीसगढी नाव जसेच्या तसे लिहिले, तर ती नोंद शंभर वर्षांनी भाषेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडेल.

आता पालकांसाठी थोडे कटू. पर्यावरण विषय शाळांत अनिवार्य झाला आणि त्याबरोबर प्रकल्पवही आली. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले पक्ष्यांचे छापील तक्ते कापून चिकटविलेल्या, आईच्या सुंदर अक्षरात लिहिलेल्या, वेष्टन घातलेल्या वह्या कोणत्या शाळेत येत नाहीत? ‘आमच्या परिसरातील पक्षी’ या मथळ्याखाली पेंग्विन आढळल्याचेही उदाहरण आहे. त्यावर हसू येते. पण वही तपासणाऱ्याने तिला पूर्ण गुण दिले, तर त्या मुलाला जी शिकवण मिळते ती कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीपेक्षा निराळी नसते. याउलट अस्पष्ट, हललेले, पण स्वतः काढलेले बगळ्याचे चित्र, त्याखाली ‘सकाळी सात, धानाच्या बांधावर, धुके होते, पायांचा रंग दिसला नाही’ एवढीच ओळ. ही वही गुणांत मागे पडू नये, हे पाहण्याचे काम शिक्षकांचे, आणि ती मुलाच्याच अक्षरात राहू देण्याचे काम घराचे. ‘दिसला नाही’ हे दोन शब्द लिहिण्यास प्रौढ संशोधकालाही धैर्य लागते.

बसना-फुलझरच्या त्या पहिल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने ठिकाण खरे लिहिले, म्हणून ते गाव आजही जगभरच्या पक्षिशास्त्रात ओळखले जाते. १९९७च्या शोधात तो पूर्वेकडे मिळाला नाही, हीदेखील एक प्रामाणिक नोंद आहे. ती खोडण्याचा अधिकार फक्त नव्या पुराव्याला आहे. पानगळीच्या दिवसांत, पौष-माघात, फांद्या उघड्या पडतात आणि हा पक्षी सकाळच्या उन्हात शेंड्यावर येऊन बसतो. परवाना, पाण्याची बाटली, पेन्सिल आणि वही घेऊन निघायचे झाले, तर तोच हंगाम. रायपूरहून बसनाकडे जाणारी गाडी पहाटेची धरावी.