अंगातली शेगडी आणि घामाचा माठ



बाहेर पौषातली थंडी असो की वैशाखातला वणवा, निरोगी माणसाच्या अंगाची ऊब आतून जवळजवळ ३७ अंश सेल्सिअसच राहते. हे कसे साधते?

आपण खाल्लेली भाकरी शरीरात सावकाश जळत असते. तिथे ज्वाळा नसते, पण ऊब असते. स्वस्थ बसलेला माणूसही शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. हाती कुदळ घेतली की ती कैक पटींनी वाढते. थंडीत आपण कुडकुडतो ना? तीही स्नायूंची ऊब निर्माण करण्याची धडपडच.

या साऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाची देखरेख असते. अंग तापले की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर वर येते आणि हवेत निघून जाते. पण हवाच अंगाहून तापलेली असेल तर? मग घामाशिवाय तरणोपाय नाही.

घामाचे काम माठासारखे आहे. माठ पाझरतो, ते पाणी वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन हे उकळत्या पाण्याहून अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आले. तशाच खोलीत अंडी मात्र शिजली!

पण दमट हवेत माठ गार होत नाही, तसा घामही नुसता ओघळतो. आणि पोटात पाणीच नसेल तर घाम यायचा कुठून?

म्हणून भर उन्हात राबणारा गडी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर बाहेरची बाधा समजू नका. हा उष्माघात. अंगाला घाम असला तरीही तो असू शकतो. खिशातला कांदा इथे कामाचा नाही. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि लगोलग दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

गुरुजी, वर्गात माठ असेलच. उद्याचा धडा तिथूनच सुरू करा.