कागदावरचे 'ए-वन'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या कोल्हापुरात 'ए-वन' या शब्दाला तोटा नाही. टेलरच्या पाटीवर तो असतो, बेकरीच्या पाटीवर असतो. मिसळ कशी होती, असे विचारले की उत्तर येते, 'एकदम ए-वन!' हा शब्द समुद्रावरून आला आहे, हे मला फार उशिरा कळले.

लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या गृहस्थाचे कॉफीगृह होते. जहाजांचा विमा उतरवणारे तिथे बसत. लॉइड गेल्यावरही त्याच्या नावाने ते चालू राहिले. तिथल्या गिऱ्हाइकांची अडचण साधीच होती. जहाज दूरच्या बंदरात आणि पैसे लावणारा इथे खुर्चीत. ते जहाज पाण्यात टिकेल की नाही, हे त्याला कळावे कसे? म्हणून १७६० साली त्यांनी एक मंडळ स्थापन केले. जाणती माणसे जहाजे पाहून दर्जा ठरवू लागली. पुढे सांगाड्यासाठी अक्षर आणि नांगर, दोर वगैरे सरंजामासाठी आकडा, अशी पद्धत पडली. दोन्हींत पहिले, ते 'ए-वन'.

आज अशा संस्थांना वर्गीकरण संस्था म्हणतात. जहाजावरची माणसे नुसते 'क्लास' म्हणतात. आपल्या देशाची अशी संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, १९७५ साली मुंबईत सुरू झाली आणि २०१० मध्ये या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पूर्ण सभासद झाली. जहाज बांधताना नकाशे तपासायचे, पुढे दरवर्षी पाहणी, पाच वर्षांनी कसून तपासणी. पत्र्याची जाडी मोजायची, झिजलेला पत्रा बदलायला लावायचा. मालकाने ऐकले नाही, तर क्लास काढून घ्यायचा. क्लास गेला की विमाही गेल्यातच जमा.

तुम्ही म्हणाल, पंचगंगेच्या काठावर बसून ही समुद्राची चौकशी कशाला? पण आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीतले कास्टिंग न्हावाशेव्याहून परदेशी जाते. अशा मालाच्या विम्यात बहुधा एक कलम असते. माल मान्यताप्राप्त संस्थेचा क्लास असलेल्या जहाजातूनच गेला पाहिजे आणि जहाज ठरावीक वयापेक्षा जुने असेल, तर जादा हप्ता. शिरोलीचा कारखानदार ते जहाज कधी पाहत नाही. विमा कंपनीचा माणूसही पाहत नाही. दोघेही तिसऱ्याच्या शब्दावर विसंबतात.

त्या तिसऱ्या माणसाबद्दल मी माझ्या मामूंकडून ऐकले. मामू दाभोळकडचे. मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात त्यांची उमर गेली. ते सांगायचे, "बेटा, तपासणी आली की आधी रंगाचे डबे निघायचे. गंजावर रंग! पण एक बुढा सर्व्हेअर होता. तो रंगाकडे बघायचाच नाही. हातोडी मारायचा आणि कान द्यायचा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. तो तपासून गेला की आम्ही निवांत झोपायचो."

आणि दुसरे सर्व्हेअर? मी विचारले. मामू नुसते हसले.

या व्यवस्थेतली मेख इथेच आहे. तपासणीची फी जहाजमालक देतो. भरवसा मात्र ठेवायचा विमेवाल्याने, मालवाल्याने आणि खलाशाने.

१९८६ साली 'निकोलस एच' नावाच्या मालवाहू जहाजाला प्रवासात भेगा पडल्या. सर्व्हेअरने आधी कायमची दुरुस्ती सांगितली. मालक तयार होईना, तेव्हा तात्पुरत्या डागडुजीवर जहाज जाऊ दिले. थोड्याच दिवसांत ते मालासकट बुडाले. मालवाल्यांनी क्लासवर दावा लावला. तो ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९९५ मध्ये निकाल लागला, की मालवाल्यांच्या नुकसानीला क्लास जबाबदार नाही. जहाजमालकाची जबाबदारी आणि विमा यांची घडी बसलेली आहे, ती विस्कटू नये, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. पाचांपैकी एकाला मात्र ते पटले नाही.

मी कायदेपंडित नाही, कवी माणूस आहे. घडी बसलेली असावी, हे मला मान्य आहे. मालाचे पैसे विमा भरून देतो. पण त्या पत्र्याच्या आत मामू उभे होते. त्यांच्या वारसांना विम्याची रक्कम मिळाली असती, अम्मीला तिचा भाऊ मिळाला नसता.

मामू आता नाहीत. पाटीवर 'ए-वन' वाचले की मला त्यांचा तो बुढा सर्व्हेअर आठवतो. विमापत्रावर त्याचे नाव कुठेच नसते. पण शिरोलीचा माल आणि कोकणातली माणसे पलीकडे सुखरूप पोचतात, त्यात त्याच्या हातोडीचा आणि कानाचा वाटा असतो.