नोटीस बोर्डावर नसलेली नोंद
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा मघाशी सेक्रेटरींनी वाचून दाखवला. पाण्याची टाकी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सिंकिंग फंड, सगळं आलं. एक नोंद तेवढी राहिली. ती माझ्या खात्यावरची आहे, म्हणून मीच करतो.

मी खजिनदार असताना मेन्टेनन्स थकलेल्यांची यादी जिन्याखालच्या बोर्डावर लावली. सभेचा ठराव होता, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पंधरा दिवसांत सगळ्यांचे पैसे जमा झाले, एक घर सोडून. ते एकच नाव चार महिने बोर्डावर होतं. शाळेतून येणारी मुलंसुद्धा ते वाचत होती.

पुढे त्या घरातल्या वहिनी सगळी रक्कम घेऊन आल्या. पावती घेताना म्हणाल्या, "भाऊ, ह्यांची बांबोळीला ट्रीटमेंट चालू होती. ते चर्चवाले यायचे म्हणून निभावलं." ते कुटुंब आता इथे राहत नाही. त्यांना फोनवर विचारून, त्यांच्या संमतीनेच हे सांगतो आहे.

चर्चवाले म्हणजे कोण? माझाच बँकेतला जुना सहकारी! दर रविवारी माझ्याकडे चहाला येणारा. चार महिने त्या बोर्डासमोरून जिना चढत होता आणि एका शब्दाने बोलला नाही. मी त्याच्यावर रागावलो. म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर यादी काढून टाकली असती." तो म्हणाला, "आमच्या मीटिंगीतला नाव भायर काढूचा नसता रे."

मग मी चौकशी केली. त्याची संस्था म्हणजे 'सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल'. म्हणजे तीही सोसायटीच! १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्र आणि बेयी नावाचे एक वडीलधारे संपादक यांच्यासह ती सुरू केली. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने हाहाकार उडवला होता. ही मुलं वादविवाद मंडळात धर्माची बाजू मांडत. तेव्हा विरोधकांनी विचारलं, की तुम्ही गरिबांसाठी आज प्रत्यक्ष काय करता? उत्तर देता येईना, म्हणून ती कामाला लागली. रोझाली रेंद्यू नावाच्या सिस्टरने त्यांना गरीब वस्तीतली घरं दाखवली. भारतात हे काम १८६३ साली आलं. आज जगातल्या दीडशेच्या आसपास देशांत ते चालतं. ओझानाम पुढे सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाला आणि चाळिसाव्या वर्षी वारला. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला 'धन्य' घोषित केलं.

कामाची रीत साधी आहे. चर्चच्या पातळीवर छोटा गट असतो, त्याला 'कॉन्फरन्स' म्हणतात. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आपल्यासारखेच, आणि सगळे बिनपगारी. ठरलेल्या दिवशी बैठक. प्रार्थना, मागचं इतिवृत्त, मग एकेका घराचा विषय. कुणाला तांदूळ, कुणाला औषध, कुणाला वह्या, कुणाला कौलं. जात-धर्म विचारत नाहीत. शेवटी एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणाची मूठ रिकामीच होती, हे कुणालाच कळत नाही. एकूण रक्कम मात्र वहीत पैशापैशाने लिहितात. आयुष्यभर पावत्या फाडलेल्या मला आधी हे पटेना. मग लक्षात आलं, घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही लाज त्या थैलीने राखली.

आणि घरी जाताना नेहमी दोघांनी जायचं. एकदा मी सोबत गेलो. जूनचे दिवस, मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, म्हणजे खलाशाच्या घरात चूल कशी पेटते ते आपण मालवणी माणसांना सांगायला नको. मी सवयीने वही काढली. कमावते किती, कर्ज किती, रेशनकार्ड कुठलं? ती म्हातारी गप्पच झाली. मित्राने माझी वही मिटली, ओसरीवर बसकण मारली आणि तिच्या नातवाच्या शाळेचं विचारलं. तासाभराने तिने आपणहून सगळं सांगितलं. परतताना तो मला म्हणाला, "खयच्याय घरात देवक जावचा नाय. बसाक जावचा. देना मागसून."

मित्रहो, मी ख्रिस्ती नाही आणि कुणी धर्म बदलावा असंही मी सांगत नाही. पण आपल्या सोसायटीत कोणाचे किती हप्ते थकलेत हे आपल्याला पैशासकट ठाऊक असतं. का थकलेत, हे विचारायला मी दोन जिने चढलो नाही. बँकेत कर्ज थकलं तर आम्ही आधी माणसाला भेटायला जायचो. शेजाऱ्याच्या बाबतीत मी तेवढंही केलं नाही.

म्हणून दोन सूचना मांडतो. पहिली, थकबाकीची यादी बोर्डावर नको. नियमाप्रमाणे नोटीस पाठवा, पण त्याआधी कमिटीतल्या दोघांनी घरी जाऊन बसावं, आणि तिथे कळलेलं तिथेच ठेवावं. दुसरी, वार्षिक सभेला एक थैली फिरवावी. हिशेब खजिनदाराने ठेवावा, नावं कोणीच ठेवू नयेत.

त्या वहिनींची माफी मी फोनवर मागितली. त्या म्हणाल्या, "जावंदे भाऊ, तुमच्या सोसायटीचा कार्यक्रम चांगला होवंदे." 'आपल्या' नाही म्हणाल्या, 'तुमच्या' म्हणाल्या. तो एक शब्द गेले आठ दिवस माझ्या मनातून जात नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत इथून जाणाऱ्या कुणाच्याही तोंडी तो येऊ नये, एवढंच मागतो आणि थांबतो.