बेटावरची शाळा आणि आपली मराठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, तेलीबांधा, रायपूर येथे दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक नाही. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्याची तीन दशके घालविलेला एक साधा पदवीधर, एवढीच आमची ओळख. तरीही प्राथमिक शाळेच्या इतिहासाविषयी बोलावे असे वाटले, त्याला कारण आपले हे तेलीबांधाच. येथील तलावाकाठच्या रस्त्याला रायपूरकरांनी हौसेने 'मरीन ड्राइव्ह' हे नाव दिले आहे. नाव मुंबईहून आले. परंतु त्या बेटावरच्या राजधानीतून उसने घेण्याजोगी आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तिची सार्वजनिक प्राथमिक शाळा.

सात बेटे भर घालून जोडली गेली आणि मुंबई झाली. प्रथम इलाख्याची, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्याची ती राजधानी. या बेटावर पंतोजींच्या शाळा पूर्वीपासून होत्याच. त्यांत धुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकी शिकविली जाई; छापील पुस्तकाचा मात्र पत्ता नसे. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२२ साली, 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' स्थापन झाली आणि शाळांसाठी मराठी पुस्तके तयार होऊ लागली. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्यासारख्यांनी मुलांकरिता मराठी गद्य लिहिले. कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली.

यानंतर आली ती कसोटीची घडी. १८४० साली शिक्षणमंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशन, स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सारा भर इंग्रजीवर होता. १८४७ साली हा वाद ऐन भरात आला. देशी भाषांच्या बाजूने जार्व्हिस उभे राहिले, आणि त्यांच्यासमवेत मंडळाचे तिन्ही एतद्देशीय सभासद: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, ही त्यांची भूमिका. यांपैकी कोणीही इंग्रजीचा द्वेष्टा नव्हता, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. नाना शंकरशेट तर इंग्रजी विद्येचे मोठे पुरस्कर्ते. परंतु पायाचा दगड कोणता आणि कळस कोणता, याचा विवेक त्यांच्यापाशी होता. उच्च शिक्षणात इंग्रजी आली, पण प्राथमिक शिक्षण देशी भाषांतूनच चालू राहिले. याच नानांनी पुढे मुलींच्या मराठी शाळेसाठी आपल्या गिरगावच्या वाड्यात जागा दिली.

भाषेचा प्रश्न असा सुटला, तरी पैशाचा सुटला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले मात्र निरक्षर राहतात, असे त्यांनी बजावले. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मुंबईत मात्र १९०७ पासून प्राथमिक शिक्षण हे नगरपालिकेचे कर्तव्य ठरले होते. १९२० साली शहरासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ साली एफ् व जी या विभागांत, म्हणजे ऐन गिरणगावात, सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू झाले. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या कामगाराच्या मुलाच्या हाती पाटी आली ती अशी! कविवर्य नारायण सुर्वे हे अशाच एका पालिका-शाळेत प्रथम शिपाई होते आणि नंतर शिक्षक झाले. या शाळेची थोरवी सांगावयास याहून वेगळा दाखला नको.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. ही पालिका-शाळा केवळ मराठी माणसाची राहिली नाही. मराठीबरोबरच गुजराती, हिंदी, उर्दू, तेलुगू, तमिळ, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून तिने शिकविले. पोटासाठी परप्रांतात आलेल्या माणसाच्या मुलालाही त्याची मायबोली मिळावी, हे औदार्य त्या बेटाने दाखविले. आज आपण रायपुरात त्याच परप्रांतीयाच्या जागी आहोत. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, यासाठी राज्याने प्रयत्न करावेत, असे ते सांगते. कलम आहे, मागणारे किती आहेत, हा खरा प्रश्न!

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईस, हीही बेटावरचीच. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज तेथे आहेत. घराबाहेर क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. तरीही तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकविली जाते. आपण तर महाराष्ट्राच्या सीमेपासून आगगाडीच्या काही तासांच्या अंतरावर आहो, आणि लिपी तीच देवनागरी!

खुद्द मुंबईत मराठी पालिका-शाळांतील मुले गेली काही दशके ओसरत आहेत. त्याबद्दल आई-बापांना बोल लावणे सोपे आहे. आम्ही तो लावणार नाही. बदलीच्या नोकरीत केंद्रीय विद्यालय आणि हिंदी-इंग्रजी यांना पर्याय नसतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरातील मुलाला आजीचे पत्र वाचता येऊ नये, ही विसंगती किती दिवस चालवायची?

म्हणून एक सूचना मांडतो. गाव करी ते राव न करी. मंडळाने दर रविवारी दोन तासांचा मराठी वर्ग चालवावा: पहिल्या वर्षी अंकलिपी व वाचन, दुसऱ्या वर्षी पत्रलेखन. निवृत्त मंडळींनी शिकवावे, तरुण माता-पित्यांनी मुलांना नेमाने आणावे. विद्यार्थी पाच असले तरी वर्ग बंद पडू देऊ नये. निवृत्तीनंतर फळा-खडूची बाजू सांभाळण्यास आम्ही आनंदाने तयार आहो. नावे आजच कार्यवाहांकडे नोंदवावीत, ही विनंती.