फ्लेक्सचा वास आणि खोलीतली हवा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे केलेले भाषण)



आरती झाल्यावर दोन शब्द बोल, असे कार्यवाहांनी सांगितले तेव्हा विषय मीच निवडला. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा प्राध्यापकही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनिअर आहे. पण बंद जागेतली हवा, वाफ आणि धूर यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. आपल्या मंडपाच्या दारात एवढा मोठा फ्लेक्स लागला आहे. तो जिथे छापला जातो त्या खोलीतल्या हवेबद्दल मी बोलणार आहे.

विषय परका नाही. चेन्नईत पूर्वी सिनेमाचे मोठमोठे फलक आणि कटआउट हाताने रंगवले जात. ते काम उघड्यावर किंवा मोठ्या शेडमध्ये चाले. फ्लेक्स आल्यावर ते यंत्राकडे गेले आणि यंत्र घराच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात शिरले. आपल्या काही घरांतली मुलेही आता या धंद्यात आहेत. कोणी यंत्र चालवतो, कोणी डिझाइन करता करता त्याच खोलीत बसतो, तर कोणी रात्री तिथेच अंथरूण टाकतो. गाळ्याच्या वरच्या मजल्यावर कुटुंब राहत असते.

साहुकारपेठेतल्या आपल्या गलाई बंधूंना धुराबद्दल मी काय सांगणार? खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागांतून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी देशभर सोने-चांदी गाळण्याचा धंदा उभा केला. सोने शुद्ध करताना तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, चांदी-तांबे विरघळवते आणि तांबूस-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू फसवा आहे. कधी कधी त्या वेळी नुसता खोकला येतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. पण त्याचा एक गुण मानला पाहिजे, दाट असला की तो डोळ्यांना दिसतो. म्हणून भट्टीवर धुराडे हवे, हे आपल्याकडे कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

फ्लेक्सच्या शाईची वाफ दिसत नाही. सगळी अडचण तिथे आहे.

सॉल्व्हंट शाई म्हणजे रंगाची पूड आणि थोडे चिकट राळेसारखे द्रव्य, हे सगळे एका द्रावकात मिसळलेले असते. फ्लेक्सच्या कडक शाईत सायक्लोहेक्झॅनोन नावाचे द्रावक बऱ्याचदा असते, सोबत ग्लायकॉल ईथरच्या कुळातली काही द्रव्ये असतात. प्लास्टिकच्या पृष्ठभागात थोडे शिरून रंग पक्का बसवणे हे द्रावकाचे काम. काम झाले की त्याने उडून जायचे, आणि ते लवकर उडावे म्हणून यंत्रात हीटर दिलेले असतात. म्हणजे छापून झालेल्या फ्लेक्सवर राहतो तो रंग. बाटलीतला बाकीचा बराचसा भाग खोलीच्या हवेत जातो.

किती जातो, याचा एक साधा हिशोब मांडू. १० बाय २० फुटांचा एक फ्लेक्स घ्या. चौरस मीटरला १० मिलिलिटर शाई धरली तर सुमारे १८५ मिलिलिटर शाई लागेल. त्यातले १५० मिलिलिटर द्रावक आहे असे धरू, म्हणजे चहाचा एक मोठा कप. सोपे जावे म्हणून ते सगळे सायक्लोहेक्झॅनोनच आहे असे समजू. त्याची वाफ झाली की सुमारे ३५ लिटर होते. आता खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. तिच्यात ३४,००० लिटर हवा मावते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर हवेच्या दहा लाख भागांत या वाफेचे सुमारे १,००० भाग होतील. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने आठ तासांच्या कामासाठी या द्रव्याची सुचवलेली मर्यादा आहे दहा लाखांत २० भाग. म्हणजे एका फ्लेक्समध्ये आपण पन्नास पट पुढे गेलो.

प्रत्यक्षात इतके होत नाही. थोडी वाफ फटींतून जाते, थोडी फ्लेक्समध्येच अडकून राहते, शाईत इतर द्रव्येही असतात. पण दिवसाला एकच फ्लेक्स कोण छापतो? चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात यंत्राला विश्रांती नसते.

अंगावर काय परिणाम होतो? सुरुवातीला डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड होते, गरगरते. कातडीतूनही हे द्रव्य शरीरात जाते. ग्लायकॉल ईथरच्या कुळातल्या काही जुन्या द्रव्यांचा गर्भावर वाईट परिणाम होतो हे सिद्ध झालेले आहे, म्हणून गरोदर बाईने त्या खोलीत बसून हिशोब लिहिणे योग्य नाही. आणि सगळ्यात लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे नाक लवकर थकते. अर्ध्या तासाने वास येईनासा होतो आणि मुलगा म्हणतो, ‘मला सवय झाली.’ सवय नाकाला होते, फुप्फुसाला आणि मेंदूला नाही. खोलीत वास आहे की नाही हे बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावे.

आता यावर लोक काय उपाय करतात ते पाहू. पहिला उपाय एसी. छपाईच्या हेडला धूळ आणि तापमानातला चढउतार चालत नाही, शिवाय चेन्नईचा दमटपणा, म्हणून खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. आमच्या एसी डब्यात तसे चालत नाही. डब्याच्या छतावरचे एसी यंत्र बाहेरची ताजी हवा ठरावीक प्रमाणात आत घेते, कारण बंद डब्यात ७२ माणसे रात्रभर श्वास घेणार असतात. घरच्या एसीत ही सोय नसते. छताचा पंखाही वाफ बाहेर टाकत नाही, ती फक्त ढवळतो.

दुसरा उपाय मास्क. कापडी मास्क किंवा करोनाच्या काळात सगळ्यांनी वापरलेला एन-९५ हा कणांसाठी आहे. वाफ त्यातून सहज जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे डबे लावलेला मास्क लागतो. तो कोळसा भरत जातो, दमट हवेत त्याची ताकद आणखी कमी होते, आणि डबा वेळच्या वेळी बदलला नाही तर तो नावापुरता उरतो.

तिसरा उपाय एक्झॉस्ट फॅन. हा बरोबर आहे, पण तो कुठे आणि कसा लावला यावर सगळे अवलंबून. आमच्या बॅटरी चार्जिंगच्या खोलीत हवा बाहेर जाण्याची वाट वर, छताजवळ ठेवतात, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हलका असतो आणि वर चढतो. सायक्लोहेक्झॅनोनची वाफ हवेच्या तिप्पटीहून जड. यंत्राजवळ दाट असताना ती खाली उतरते, मग पंख्याने खोलीभर पसरते. त्यामुळे छताजवळचा फॅन ती ओढतो तेव्हा माणसाच्या नाकासमोरूनच वर नेतो. वाफ जिथे निघते तिथेच, म्हणजे हीटर आणि सुकणाऱ्या फ्लेक्सच्या अंगाला, पत्र्याचे तोंड ठेवून ती पकडली पाहिजे.

हिशोबच सांगतो. तो ३५ लिटर वाफेचा फ्लेक्स तासाभरात छापला आणि खोलीतली हवा मर्यादेत ठेवायची म्हटले, तर तासाला सुमारे १,७५० घनमीटर ताजी हवा लागेल. म्हणजे खोली तासाला पन्नास वेळा रिकामी करून भरायची. तेवढी हवा एसीने थंड करणे कोणाला परवडेल? तीच वाफ खोलीत मिसळण्याआधी उगमाशी ओढून घेतली तर कितीतरी कमी हवेत काम भागते. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या १४व्या कलमातही हेच लिहिले गेले होते, की धूर ओढणारे साधन उगमाच्या शक्य तितके जवळ हवे. मात्र तो कायदा यंत्रावर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या जागेला लागू होता. दोन पोरांच्या गाळ्याला कायदा विचारत नव्हता. तिथे आपणच विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट, बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला वाट हवी. सगळे बंद करून फॅन लावला तर तो नुसता गरगरतो. समोरच्या भिंतीत, माणसाच्या पाठीमागे, धुळीची जाळी लावलेला झरोका ठेवा. म्हणजे ताजी हवा आधी माणसाकडे, मग यंत्राकडे, मग बाहेर जाईल. ती जाते की नाही हे पाहायला पातळ कागदाची पट्टी झरोक्याशी धरा, आत ओढली गेली तर काम बरोबर आहे. अगरबत्तीने पाहू नका, त्या खोलीत विस्तव नकोच. आणि बाहेर टाकलेली वाफ शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊ नये. साहुकारपेठेसारख्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत नळी छताच्या वरपर्यंत न्यावीच लागेल. गलाईच्या धुराड्याचा नियम इथेही लागू आहे.

विस्तवाचे कारण सांगतो. सायक्लोहेक्झॅनोन सुमारे ४४ अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी वाफ देऊ लागते, आणि यंत्राचे हीटर त्याच्या आसपासच चालतात. पेट्रोलची रिकामी टँक वॅगन भरलेल्या वॅगनपेक्षा जास्त धोक्याची असते, हे आमच्याकडे नवख्यालाही शिकवतात, कारण रिकामीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. वाफेने धुऊन, आत वायू उरला नाही याची तपासणी झाल्याशिवाय माणूस आत उतरत नाही. शाईच्या रिकाम्या बाटल्या, वाया गेलेल्या शाईचा कॅन आणि हेड पुसलेली चिंधी यांना हाच न्याय लावा. झाकण घट्ट, चिंधी लोखंडी झाकणाच्या डब्यात, आणि डबा रोज बाहेर. फॅनची मोटार वाफेच्या वाटेत ठिणगी टाकणार नाही, अशी बसवून घ्या.

इको-सॉल्व्हंट शाईचा वास कमी असतो, पण तीही सॉल्व्हंटच आहे. पाण्यावर आधारित लेटेक्स शाई पुष्कळ बरी, तिलाही खेळती हवा लागतेच. कोणतीही शाई घेताना पुरवठादाराकडून तिचे सुरक्षा-पत्रक मागून घ्या. आत काय आहे आणि हातमोजे कोणते घालायचे ते त्यात लिहिलेले असते.

आता आपल्या मंडळाकडे येतो. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पल्लिकरणै इथे रस्त्यावरचा फलक अंगावर पडून एक तरुण इंजिनिअर मुलगी टँकरखाली गेली. तेव्हा सगळ्या शहराने फलकांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. रस्त्यावरचा धोका असा एका दिवसात दिसतो. खोलीतला धोका वर्षानुवर्षे दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

आणि त्यात आपला वाटा आहे. देणगीदारांची नावे शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, फ्लेक्सचा मजकूर आदल्या संध्याकाळी जातो, आणि सकाळी सहाला फ्लेक्स हवा असतो. त्यासाठी कोणाचा तरी मुलगा रात्रभर बंद खोलीत यंत्रापाशी जागतो. फ्लेक्स ओलाच गुंडाळला जातो, आणि आपण तो आपल्या पोरांच्या झोपण्याच्या खोलीत उभा करून ठेवतो, तिथे तो उरलेली वाफ सोडत राहतो. छापलेला फ्लेक्स निदान एक दिवस मोकळ्या हवेत टांगलेला राहिला पाहिजे.

म्हणून पुढच्या वर्षासाठी माझ्या तीन सूचना आहेत. फ्लेक्सचा मजकूर चतुर्थीच्या आठ दिवस आधी बंद करावा. दारातली कमान कापडी करून ती दर वर्षी वापरावी, तिच्यावर साल लिहू नये. आणि ज्या गाळ्यात वाफ बाहेर काढण्याची सोय आहे तिथेच काम द्यावे, चार पैसे जास्त लागले तरी. ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्यांनी जागा दाखवायला मला हक्काने बोलवावे. रविवारी मी मोकळा असतो, फूटपट्टी आणि कागदाची पट्टी घेऊन येईन.

आपण सगळे पोटासाठी इतक्या लांब आलो. पोट भरताना मुलांचा श्वास गहाण पडू नये, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो. गणपती बाप्पा मोरया!